'अपभ्रष्ट रूप', 'पाठभेद' की 'लेखनभेद'?

प्रश्न : स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत एकेका शब्दाची चार-पाच स्पेलिंगं सापडतात. ती संगणकाकडून कशी जुळवून घेतात यावर मराठीत लिहितो आहे. 'स्पेलिंग व्हेरिअंट'ला 'अपभ्रष्ट रूप' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : कृपा करून 'अपभ्रष्ट' नको. त्या शब्दात निवाडा आधीच होऊन जातो. एक शुद्ध रूप आहे आणि बाकीची त्यावरून घसरलेली, असा त्याचा अर्थ निघतो. स्कॉट्समध्ये असं शुद्ध रूप कुणी ठरवलेलंच नाही. सोळाव्या शतकात ही दरबाराची आणि कायद्याची भाषा होती. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनच्या गादीवर गेला, लिखाणात इंग्रजीचं वजन वाढत गेलं, आणि स्कॉट्सचं स्वतःचं प्रमाणलेखन बसायचं राहूनच गेलं. त्यामुळे 'चांगला' या अर्थाचा शब्द कुणी जी-यू-आय-डी लिहितो, कुणी जी-यू-डी-ई. दोघंही बरोबर.

म्हणूनच संगणकाच्या कामालाही 'दुरुस्ती' म्हणू नका, 'जुळवणी' म्हणा.

प्रश्न : मग 'पाठभेद'? आणि जुळवणी अक्षरं मोजूनच करतात ना?

उत्तर : पाठभेद म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांमधला फरक. तिथे अख्खा शब्दही बदललेला असू शकतो. इथे शब्द तोच, लिहिणं वेगळं. म्हणून 'लेखनभेद'.

अक्षरं मोजण्याची रीत लेवेनश्टाइन अंतराची. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी, बदलावी लागतात ते मोजायचं. आता जी-यू-आय-डी घ्या. ईशान्येकडे, अ‍ॅबर्डीनच्या बाजूला, हाच शब्द 'ग्वीड' असा बोलतात आणि जी-डब्ल्यू-ई-ई-डी असा लिहितात. अंतर भरतं तीन. पण 'जाळी' या अर्थाचा इंग्रजी 'ग्रिड' एकाच अक्षरावर! सख्खा भाऊ लांब आणि परका शेजारी. नुसत्या मोजणीवर विसंबलं की असं होतं.

उच्चारावरून गट पाडणारी साउंडेक्स ही दुसरी रीत. अमेरिकेत आडनावं शोधण्यासाठी ती निघाली, १९१८ चं पेटंट आहे. ती 'ग्वीड'ला बरोबर पकडते, पण पहिलं अक्षर कायम ठेवते, आणि तिथेच स्कॉट्समध्ये फसते. 'काय' हा शब्द घ्या. बऱ्याच भागांत तो 'व्हिट', ईशान्येकडे 'फिट', आणि जुन्या कागदपत्रांत सुरुवातीला क्यू-यू-एच. साउंडेक्स या तिघांना तीन वेगळ्या खणांत टाकते.

उपाय भाषेच्या इतिहासातून काढावा लागतो. जुना क्यू-यू-एच म्हणजे आजचा डब्ल्यू-एच, हे एकच अक्षर धरून मोजायचं. ईशान्येत तोच 'फ' होतो, त्या बदलाला जवळजवळ शून्य किंमत द्यायची. जी-यू-आय-डी म्हणजे 'गिड'. त्याचं 'ग्वीड' होतं तसंच शाळेच्या शब्दाचं 'स्क्वील'. म्हणजे ग आणि क नंतर 'वी' येतो. चंद्राच्या शब्दात मात्र नुसता 'ई', 'मीन'. इतका नेमका नियम असेल तर तो यंत्राला शिकवता येतो.

तरी 'फिट'शी अडतंच. स्कॉट्समध्ये 'फिट' म्हणजे पाऊलही! 'कोणतं पाऊल कोणत्या पावलाला बसतं' हे ईशान्येकडचे लोक 'फिट फिट फिट्स फिट फिट' असं म्हणून दाखवतात. इथे रूप पाहून काहीच कळत नाही, आजूबाजूचे शब्द पाहावेच लागतात.

शंका : 'ग्वीड'चा तर उच्चारच वेगळा. त्याला लेखनभेद कसं म्हणता येईल?

उत्तर : शंका रास्त आहे, मी दोन गोष्टी एकत्र केल्या. 'ग्वीड' आणि 'फिट' हे उच्चारभेद. निव्वळ लेखनभेद कशाला म्हणावं, तर अपॉस्ट्रॉफीला. 'सगळं' या अर्थाचा स्कॉट्स शब्द एकेकाळी नुसता ए आणि वर अपॉस्ट्रॉफी असा छापत, जणू इंग्रजीतलं काही गळालं आहे. १९४७ मध्ये एडिंबरात कवींनी लेखनाचे काही संकेत ठरवले, त्यात ही खूण टाळून ए-ए लिहायचं ठरलं. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी 'करूं'वरचा अनुस्वार गेला, तसंच हे. उच्चार तोच, खूण गेली. जुनी मराठी पुस्तकं शोधताना 'करू' टाकून 'करूं' सापडायला हवं असेल, तर जुळवणी याच जातीची करावी लागते.

झेड हाही लेखनभेदच. जुन्या स्कॉट्समध्ये 'योग' नावाचं अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नसे, म्हणून मुद्रक झेड लावत. 'मेंझीज' दिसणारं आडनाव परंपरेने 'मिंगिस' म्हणतात ते यामुळे. त्या झेडला यंत्राने 'स'चा भाऊ मानलं की घोटाळा झालाच.

तेव्हा लेखात दोन्ही शब्द ठेवा. लेखनभेदाला अक्षरांचे नियम लागतात, उच्चारभेदाला ध्वनींचे, आणि यंत्राला ते वेगवेगळेच द्यावे लागतात.