नवी गाडी आणि हाताने वॅक्स: रेघा वॅक्समुळे पडतात की आपल्या फडक्यामुळे?

तिस्कवाला

गेल्या महिन्यात काळी गाडी घेतली. काळी घेऊ नको असं घरी-दारी सगळे सांगत होते, ऐकलं नाही, ते सोडा. आता वाद वॅक्सचा, म्हणजे रंगावर चोळायच्या मेणाचा. शेजारचे काका म्हणतात, नव्या रंगाला सहा महिने श्वास घेऊ द्यायचा, वॅक्स लावलंस तर रंग गुदमरेल. ऑफिसातला मित्र म्हणतो, हाताने तर नकोच, रेघा पडतील, सरळ सिरॅमिक कोटिंग कर, म्हणजे रंगावर कडक, टिकाऊ रासायनिक थर.

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून निघतो, तो गाडी आपल्या दारात येण्याआधीच पक्का झालेला असतो. थांबायची गोष्ट गॅरेजात पुन्हा रंगवलेल्या गाडीची, तिथल्या रंगातला थिनर उडायला काही आठवडे लागतात. आणि रेघ वॅक्स पाडत नाही. फडकं आणि रंग यांच्यामध्ये सापडलेला कण पाडतो. कण काढून टाका, मग हातानेच वॅक्स करा, यंत्राची गरज नाही.

मी गोव्यात उसगाव तिस्कला राहतो, खनिजाच्या ट्रकांचा रस्ता. म्हणजे कण म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

खारा वारा

साफ असहमत. हिशेब स्पर्शाचा करा. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. वॅक्स लावायचं म्हणजे आधी धुणं, मग पुसणं, मग लावणं, मग काढणं. चार वेळा गाडी घासलीत. एकेका वेळी दोन बारीक रेघा धरा. वर्षभराने त्या घालवायला पॉलिश कराल, ते पॉलिश हाच थर खरवडणार. दर वेळी थोडा थोडा पातळ होत जाणार.

आणि हे सगळं कशासाठी? गोव्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. वॅक्स दोन-तीन महिने टिकतं, आपल्याकडच्या पावसात त्याहूनही कमी. म्हणजे वर्षाला पाच-सहा वेळा हाच खेळ. मी किनाऱ्यावर राहतो. लांबून पाण्याचा फवारा मारतो, ब्लोअरने पाणी उडवतो, हात लावत नाही. चार वर्षं झाली.

दोन चाकांवर सुखी

गाडी आहे की शाळिग्राम?

कित्याक रे इतको त्रास?

सांखळीची सून

तुम्ही वॅक्सवर भांडताय, आमच्या गाडीला पहिली रेघ पडली ती पूजेच्या दिवशी.

शोरूममधून गाडी तडक देवळात. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूची माळ. माळ दोऱ्यात ओवलेली असेल असं वाटलं होतं, आतून बारीक तार निघाली. घरी येईपर्यंत ती वाऱ्याने बॉनेटवर डाव्या-उजव्या बाजूला घासत आली. दारात उतरल्यावर सासऱ्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि वाळलेलं कुंकू कोरडंच पुसलं. प्रेमानेच पुसलं हो. दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन तिरपं पडलं तेव्हा दिसलं, स्वस्तिक गेलं होतं पण त्याच्या जागी जळमटासारखं काहीतरी उमटलं होतं.

तेव्हा माझा कौल तिस्कवाल्यांना. कोरडं पुसणं हा खरा गुन्हेगार. शोरूममधला मुलगाही गाडी हातात देण्याआधी कुठल्याशा कळकट फडक्याने पुसत होताच, तेव्हा आम्ही फोटो काढत होतो.

गुळगुळीत

सरळ रेषेत घासा, गोल नको. गोल घासलं की गोल रेघा पडतात. एवढंच पाळलं तरी पुरे.

तिस्कवाला

@गुळगुळीत, हे अर्धंच खरं. उन्हात पत्र्यातल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जी गोल जाळी दिसते ती गोल हात फिरवल्याने झालेली नसते. रेघा सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. सरळ हात चालवण्याचा फायदा इतकाच की चुकून रेघ पडलीच तर ती एकाच कोनातून दिसते. कण असेल तर सरळ हातानेही रेघ पडणारच.

@खारा वारा, चार स्पर्श धरलेत, पण चारही सारखे नाहीत. पहिला धोक्याचा, बाकीचे नाहीत. आमच्याकडची लाल धूळ म्हणजे लोहखनिज, त्यातलं हेमॅटाइट क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. वाळूचा कण त्याहून कठीण. म्हणून मी फडकं हातात घेण्याआधी नुसत्या पाण्याने दहा मिनिटं धूळ सोडवतो. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात आधी झटकायचा, मगच शाम्पूत. पहिल्या दिवशी त्या साध्या बादलीच्या तळाशी बोट फिरवलं तर चहाच्या गाळासारखा लाल थर लागला. तो थर एकाच बादलीत राहिला असता तर मीच तो परत छतावर घासला असता. छत आधी, खालचे पत्रे शेवटी, चाकांचा मोजा वेगळा.

वॅक्सचं म्हणाल तर सकाळी साडेसातला, पत्र्याच्या शेडखाली. बॉनेटवर तळहात ठेवायचा, गार लागला तरच डबी उघडायची. स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स, त्यात दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा भागतो. थर इतका पातळ की लावलंय की नाही शंका यावी. जाड लावलं तर काढताना जोर लागतो, आणि रेघा जोरानेच येतात. धुरकट झालं की बोट हलकं ओढून बघायचं, खाली चकचकीत रेघ निघाली तर तयार. मग मायक्रोफायबर चार घड्या करून, फडक्याच्या वजनानेच फिरवायचं. फडक्याचा लेबल आधी कापून टाका, त्याची कड नखासारखी लागते. फडकं जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून पुन्हा वापरायचं नाही.

म्हापशाचा रंगारी

वीस वर्षं रंगाच्या बूथमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

तुमच्या भांडणात एक घोळ आहे. निम्मे लोक "वॅक्स" म्हणून जे आणतात ते वॅक्स नसतंच. बाटलीवर क्लीनर वॅक्स किंवा पॉलिश लिहिलेलं असतं, त्यात घासणारे बारीक कण असतात. जुन्या, फिकट गाडीला ते ठीक. नव्या गाडीला कशाला? गेल्याच महिन्यात एक साहेब रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी खरखरीत पेस्ट, लावून आले, म्हणे वॅक्स केलं, चमक का जातेय? बोटावर चिमूटभर घेऊन चोळा, किरकिर लागली तर परत करा. तशी किरकिर नसली म्हणजे निर्धास्त असंही नाही, लेबल वाचाच.

क्लेचा तुकडा, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ चिकणमाती, नव्या गाडीवर उगाच फिरवू नका. धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर जाणवली तरच क्ले, तेही भरपूर ओलं करून. खाणीच्या पट्ट्यातल्या गाड्यांना महिनाभरातही जाणवते, पणजीतल्या बंद पार्किंगमधल्या गाडीला वर्षभर जाणवणार नाही.

आणि खारा वारा साहेब, ब्लोअर छान, पण बोअरवेलचं पाणी असेल तर आधी कुठलं पाणी ते बघा. उन्हात थेंब वाळले की क्षाराचे पांढरे डाग बसतात, ते काढायला शेवटी घासावंच लागतं.

खारा वारा

रंगारी साहेबांचं पाण्याचं मान्य, आमचं नळाचं आहे.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. वॅक्स रेघ अडवत नाही, हे तरी मान्य कराल? मग दर दोन महिन्यांनी जोखीम का?

तिस्कवाला

रेघ अडवत नाही, मान्य. ज्याला वाटतं वॅक्स म्हणजे चिलखत, त्याने पैसे वाचवावेत. पण तुमच्या घरासमोर चिकूचं झाड आहे का? आमच्या आहे. रात्री वटवाघळं येतात. मेमध्ये त्यांची घाण पत्र्यावर दोन दिवस राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटतो, वर आंब्याचा चीक. वॅक्स असेल तर ओला कपडा दोन मिनिटं ठेवला की सुटतं. नसेल तर घासावं लागतं. तुमचाच स्पर्शाचा हिशेब लावा, माझे वर्षाचे स्पर्श कमी भरतील.

आणि उन्हात वॅक्स वितळतं असं कोणी म्हणायच्या आधी: वॅक्समधलं कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ८२ अंशांच्या आसपास वितळतं. काळा पत्रा इथल्या उन्हात कितीही तापला तरी तिथवर पोहोचत नाही. झिजतं ते पावसाने आणि शाम्पूने.

खारा वारा

चिकू नाही, माड आहेत. नारळ पडला तर वॅक्सही वाचवणार नाही.

बरं, एक करतो. मागचा दरवाजा तुमच्या पद्धतीने, पुढचा माझ्या. चवथीला बघू. पण दोन बादल्या मी आणणार नाही, एक आहे ती पुरे.

तिस्कवाला

एका बादलीवर करणार असाल तर मागचा दरवाजाही तुमच्याच नावावर धरा.

सांखळीची सून

आणि माळ आतल्या आरशाला बांधा, बॉनेटवर नको. हे कोणीच लिहिलं नाही.