प्रतिसाद: आधी पाठ तपासा, मग घोड्याला दोष द्या

तंग (खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळताना चावणाऱ्या आणि बसलं की उसळणाऱ्या घोड्याचं काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी दिलेला ‘चाबूक दाखवा’ हा सल्ला अजिबात पटला नाही. दुखणाऱ्या पाठीवर चाबूक म्हणजे उरलासुरला विश्वासही गेला. ‘सावकाश घ्या’ हा दुसरा सल्ला बरोबर, पण त्याआधी खोगीर उतरवून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. एकाच जागी कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे पडले, तर तिथे दुखतंय. खोगिराखाली घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका राहत असेल तर बहुधा तिथेच दाब पडतोय. दाढांच्या धारदार कडाही जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. लगाम ओढला की मान झटकण्यामागे पुष्कळदा त्याच असतात.

दुखणं बरं झालं तरी घोड्याच्या डोक्यातली आठवण राहते. म्हणून तंग एकदम आवळू नका. आधी पट्ट्याचं एक भोक, दहा-पंधरा पावलं चालवणं, मग पुढचं भोक. नंतर चौथऱ्यावरून त्याच्या पाठीवर आपण पोटाने नुसतं आडवं टेकायचं आणि तो शांत उभा असतानाच उतरायचं. उसळल्यावर उतरलात तर उसळलं की सुटका होते, हेच तो शिकतो.