पीटीची परीक्षा देशाची एकच, मग लायसन्स पन्नास राज्यांचं पन्नास तऱ्हांचं कशाला?

निशिगंध

थेट मुद्द्यावर येते. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टची (पीटी, म्हणजे आपल्याकडचा फिजिओथेरपिस्ट) परीक्षा देशभर एकच आहे, एनपीटीई. पेपर तोच आणि पास व्हायचे गुणही तेच, २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ६००. मग त्या परीक्षेच्या जोरावर मिळणारं लायसन्स राज्यागणिक वेगळं का?

इथे शिकून डीपीटी, म्हणजे फिजिकल थेरपीची डॉक्टरेट, झालेल्यांना हा जाच कमी. फॉर्म, फी, बोटांचे ठसे, गुण पाठवले, झालं. आपण भारतातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून आलेले लोक आधी क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशनच्या चरकातून जातो. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवा, प्रत्येक विषयाचा सिलॅबस द्या, इंटर्नशिपचे तास सिद्ध करा. मग कळणार की आपली पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे की नाही. आपल्याकडे पहिल्या वर्षापासून ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच चालू होते, त्यामुळे इथल्या जनरल एज्युकेशनची, म्हणजे इतिहास-भाषा अशा इतर विषयांची, क्रेडिट्स हमखास कमी पडतात. मग पेशंटचे खांदे सोडून अमेरिकन इतिहासाची क्लेप (कॉलेजची क्रेडिट्स मिळवून देणारी) परीक्षा देत बसा. दिली बाबा. एनपीटीई पास झाले, लायसन्स मिळालं, इतकी वर्षं नोकरी केली, एक तक्रार नाही.

आता नवऱ्याची बदली दुसऱ्या राज्यात झाली. तिथलं बोर्ड म्हणतं, इव्हॅल्युएशन आमच्या नमुन्यात पुन्हा करून आणा. म्हणजे मधल्या कामाला शून्य किंमत आणि माझ्या तिसऱ्या वर्षाच्या सिलॅबसला सोन्याचा भाव. यात पेशंटची सुरक्षितता कुठे येते ते कोणी समजावून सांगा. मला तरी यात बोर्डांनी आपापली गादी सांभाळण्यापलीकडे काही दिसत नाही.

गुडघेबाबा

मी सांगतो. परीक्षा एक असली तरी कायदा एक नाही, आणि तुम्ही पेशंटला हात लावता तो कायद्याच्या जोरावर, परीक्षेच्या नाही.

न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेशंट घेतलात तर १० भेटी किंवा ३० दिवस, जे आधी संपेल ते. तेही तुमचा तीन वर्षांचा अनुभव असेल तरच. कॅलिफोर्नियात १२ भेटी किंवा ४५ दिवस. टेक्सासमध्ये २०१९ साली कायदा बदलला नसता तर चिठ्ठीशिवाय उपचार सुरूच करता आले नसते. ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं, टेक्सासात चालतं, कॅलिफोर्नियात पीटीने सुई टोचली तर बोर्डासमोर उभं राहावं लागेल. हे फरक माहीत नसलेला थेरपिस्ट कितीही हुशार असला तरी घोटाळा करून ठेवणारच.

दुसरं म्हणजे, पेशंटला तक्रार करायची तर दार कुणाचं वाजवायचं? ज्याने लायसन्स दिलं त्यालाच ते काढून घेता येतं. आपल्याकडे महाराष्ट्राने २००२ चा कायदा करून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची परिषद उभी केली. देशपातळीवरचा कायदा यायला मात्र २०२१ साल उजाडलं. मधल्या काळात कितीतरी राज्यांत मसाजवालासुद्धा 'फिजिओ' अशी पाटी लावून बसत होता, हे तुम्हीही पाहिलं असेल. मला कडक बोर्ड परवडतं.

निशिगंध

अहो बाबा, कायद्याची परीक्षा द्यायला मी नाही कुठे म्हटलं? टेक्सासची तर घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून देता येते. दहादा देईन. पण तिथला डायरेक्ट ॲक्सेसचा, म्हणजे चिठ्ठीशिवाय पेशंट घेण्याचा, नियम मला कळतो की नाही, हे माझ्या इंटर्नशिपच्या तासांवरून कसं कळणार? तुम्ही उत्तर एका प्रश्नाचं दिलंत, मी विचारला होता दुसरा.

आणि हे डायरेक्ट ॲक्सेसचे आकडे कुठल्या संशोधनातून आले? एका राज्याच्या विधानमंडळात डॉक्टरांची लॉबी वरचढ ठरली, दुसऱ्या राज्यात पीटींची. माणसाचा गुडघा दोन्हीकडे त्याच दिशेने वाकतो.

सरळमार्गी

कटू लिहितोय, पण बोर्डं आपल्याकडे संशयाने बघतात त्याला इतिहास आहे. तो इथे कोणी काढणार नाही म्हणून मीच काढतो.

२०१० साली, परीक्षा घेणाऱ्या एफएसबीपीटीने भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्स या चार देशांतल्या पदवीधरांची एनपीटीई थांबवली होती. कारण, परीक्षा देऊन आलेले लोक आठवलेले प्रश्न पद्धतशीरपणे गोळा करून पुढच्यांना पुरवत होते. पुढे या चार देशांसाठी वेगळी परीक्षा आली. आज एनपीटीई वर्षातल्या ठरावीक तारखांनाच होते, तेही याच प्रकारामुळे. त्याआधी आपल्या सोयीने तारीख घेता यायची. म्हणजे काही जणांच्या 'रिकॉल'ची किंमत इथली अमेरिकन मुलंही मोजतात. तेव्हा बोर्डाने कागद दोनदा तपासले तर मला राग येत नाही.

पेठेतला

मला येतो. चोरी केली काही क्लासवाल्यांनी आणि काही उमेदवारांनी, परीक्षा थांबली चार देशांतल्या सगळ्यांची. ज्यांनी मान मोडून अभ्यास केला, व्हिसाची मुदत मोजत बसले, त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? इथल्या कॉलेजच्या मुलांनी प्रश्न फोडले असते तर आख्ख्या राज्याची परीक्षा थांबवायची हिंमत झाली असती का?

आणि समजा तेव्हाचा संशय रास्त होता. निशिगंध परीक्षा पास होऊन वर्षानुवर्षं काम करतायत. सरळमार्गी, त्यांच्याकडून आता काय सिद्ध करून हवंय तुम्हाला?

सरळमार्गी

त्यांच्यावर माझा आरोप नाही. पण बोर्डाला प्रत्येक अर्जदाराचा चेहरा वाचता येत नाही, कागदच वाचता येतो. प्रश्न फुटले की निकालावरचा भरवसा जातो, सगळ्यांच्याच. थांबवलं ते योग्यच केलं असं मी अजूनही म्हणेन.

ओहायोची वहिनी

तुम्ही सगळे भांडताय त्यावर उपाय निघून जमाना झाला. पीटी कॉम्पॅक्ट! राज्याराज्यांतला करार आहे. २०१७ मध्ये दहा राज्यं झाली तेव्हा तो लागू झाला आणि २०१८ पासून प्रत्यक्ष परवानगी मिळायला लागली. घरच्या राज्याचं लायसन्स स्वच्छ असेल तर करारातल्या दुसऱ्या राज्यात 'प्रिव्हिलेज' विकत घ्यायचं. काही राज्यं कायद्याची छोटी परीक्षा घेतात, बस. इव्हॅल्युएशन नाही, ट्रान्स्क्रिप्ट नाही. सीईचे (लायसन्स टिकवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाचे) तास फक्त घरच्या राज्याचे भरायचे. माझी एक मैत्रीण ट्रॅव्हल पीटी आहे, म्हणजे वेगवेगळ्या राज्यांत फिरून काम करते, नाशिकची. तिला कोणी पदवीचं नावसुद्धा विचारत नाही. बदली आली म्हणून रडत बसायचे दिवस गेले.

निशिगंध

वहिनी, कॉम्पॅक्टमध्ये घरचं राज्य म्हणजे तुम्ही राहता ते राज्य. तुमची मैत्रीण घर एका जागी ठेवून हिंडते, तिला ते सोन्यासारखं आहे. माझं बिऱ्हाडच हललंय. नव्या राज्यात राहायला आले की तिथलंच लायसन्स काढावं लागतं आणि जुन्याच्या आधाराने चालणारी प्रिव्हिलेजेसही लटकतात. म्हणजे जी बाई कुटुंबामागे घर हलवते तिच्यासाठी हा करार नाही. आपल्यातल्या किती जणी याच कारणाने राज्यं बदलतात, बघा जरा आजूबाजूला.

शिवाय न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया करारात नाहीत. मराठी मंडळी कुठे दाटीने राहतात ते मी सांगायला नको.

गुडघेबाबा

हा मुद्दा मान्य. घर हलवणाऱ्याला कॉम्पॅक्ट कामाचा नाही. आणि ज्याने अमुक वर्षं निर्वेध काम केलं त्याला नव्याने इव्हॅल्युएशन मागू नये, असा नियम काही राज्यांनी केलाय, तो सगळ्यांनी करावा, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने येतो. पण ते राज्यांनी करावं. एकच राष्ट्रीय लायसन्स म्हणाल तर नाही. एकदा वॉशिंग्टनच्या हातात गेलं की सगळ्यात ढिला नियम सगळ्यांना लागू होईल.

पेठेतला

मिळवण्यावर एवढी चर्चा झाली, टिकवण्याचं काय? सीईचे टेक्सासात दोन वर्षांत ३० तास, इलिनॉयमध्ये ४०, फ्लोरिडात २४, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६. एकाच धंद्यात शहाणं राहायला इलिनॉयच्या माणसाला फ्लोरिडावाल्यापेक्षा जवळपास पावणेदोनपट शिक्षण लागतं? न्यूयॉर्कमध्ये तर २००९ पर्यंत ही सक्तीच नव्हती. तोवर तिथले पेशंट काय लंगडत होते?

आणि हे तास भरतात कसे ते सगळ्यांना माहीत आहे. रिन्यूअलच्या आधीचा रविवार, लॅपटॉपवर व्हिडिओ चालू, शेजारी भाजी निवडणं चालू. शेवटी दहा प्रश्न, चुकले तर पुन्हा द्या. सर्टिफिकेट प्रिंट करा.

ओहायोची वहिनी

तुम्ही भाजी निवडता म्हणून कोर्स वाईट? मी व्हेस्टिब्युलरचा (कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) कोर्स केला आणि त्यानंतर चक्कर येणाऱ्या पेशंटकडे बघण्याची माझी रीतच बदलली. सक्ती नसती तर त्या गावाला मी शनिवार-रविवार घालवून गेले नसते, हे अगदी खरं सांगते.

पेठेतला

तुम्ही तशाही शिकल्या असता, वहिनी. सक्ती माझ्यासारख्यांसाठी आहे आणि माझ्यासारख्यांवरच ती चालत नाही.

बीपीटी इंटर्न, पुणे

नमस्कार. मी अजून इंटर्नशिपला आहे, वाचून घाबरलोय. यायचं ठरवलं तर आधी कोणतं राज्य धरावं? आणि एनपीटीई कितीदा देता येते?

निशिगंध

बारा महिन्यांत तीनदा, आयुष्यात एकूण सहादा. त्यामुळे 'एकदा देऊन बघू' म्हणून बसू नकोस. सिलॅबसची शिक्का मारलेली प्रत कॉलेजातून आत्ताच घेऊन ठेव. प्राचार्य बदलले, क्लार्क बदलला की ती मिळवताना नाकी नऊ येतात. २०१७ नंतर पास झालेल्यांची पदवी आधीच्यांपेक्षा कडक निकषांवर तपासतात, तेही ध्यानात ठेव.

राज्य निवडताना सोपं कुठलं हे विचारू नकोस, राहणार कुठे ते विचार. सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय लायसन्स देतात का, तेही बघ. काही राज्यं देत नाहीत. मग व्हिसासाठी लायसन्स हवं, लायसन्ससाठी नंबर हवा आणि नंबरसाठी व्हिसा. अशा वेळी नंबर सोडून बाकी सगळं पूर्ण आहे असं बोर्डाचं पत्र चालतं, पण ते मागून घ्यावं लागतं. आणि सप्टेंबर २०२५ पासून भारतातून नव्याने एचवनबी काढायचा तर कंपनीला एक लाख डॉलर मोजायचे आहेत. त्यामुळे क्लिनिकवाले थेट तिकडून कोणाला बोलावतील ही आशा कमीच धर.

गुडघेबाबा

त्यापेक्षा विद्यार्थी म्हणून ये, इथे डीपीटी कर. खर्च दणदणीत आहे, पण पदवी इथली असली की निशिगंध ज्या इव्हॅल्युएशनला शिव्या घालतायत ते लागतच नाही, राज्य कितीही बदल.

निशिगंध

घ्या. पन्नास बोर्डांचा नियम बदलण्यापेक्षा त्या पोराने पदवीच बदलावी! बाबा, तुम्ही आत्ता माझाच मुद्दा लिहिलात.

गुडघेबाबा

मुद्दा तुमचा असेल, कर्ज त्याचं आहे. त्याने दोन्ही हिशोब मांडून बघावेत. मी माझ्या मतावर ठाम आहे.