दहा मिनिटं तरी मॉनिटर काढू नये
मृत घोषित केलेल्या रुग्णाची नाडी परत लागली म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणाच, असं म्हटलं जातं. दर वेळी तसं नसतं. सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचे प्रयत्न) थांबवल्यावर हृदय आपोआप सुरू झाल्याच्या घटना १९८२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. एक संभाव्य कारण असं, की धावपळीत कृत्रिम श्वास देण्याचा फुगा भराभर दाबला जातो, छातीत हवा कोंडते आणि शिरांतलं रक्त हृदयाकडे परतत नाही. फुगा थांबला की दाब उतरतो, रक्त वाहतं, आधी दिलेलं हृदयाला चालना देणारं औषध अ‍ॅड्रेनॅलिनही तेव्हा पोहोचतं. बहुतेक घटना पहिल्या १० मिनिटांतल्या. तेवढा वेळ ईसीजी (हृदयाची हालचाल दाखवणारा मॉनिटर) चालू ठेवायलाच हवा. नुसती नाडी चाचपून मृत्यूच्या दाखल्यावर सही करणं मात्र अक्षम्य आहे, विशेषतः गारठलेल्या किंवा थंड पाण्यात बुडालेल्या माणसाच्या बाबतीत.