दाब उतरला तरी वायू उरतोच
हवा उपसून काढलेल्या निर्वात कक्षात धातूचा पातळ थर चढवताना दाब टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) दहा लाखाव्या भागापर्यंत उतरला की उरलेला वायू धातूच्या थराला बाधत नाही, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. त्या दाबाला, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला तर, साधारण 1 सेकंदात वायूचा एकरेणवीय, म्हणजे एका रेणूइतक्या जाडीचा, थर साचतो, म्हणजे धातूचे अणू संथपणे येत असतील तर वायू त्यांच्या बरोबरीने बसतो. नाशिकला अंबडमध्ये मी काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवण्याचे काम करतो. भर पावसाळ्यात कक्ष बराच वेळ उघडा राहिला की भिंतींनी धरलेले बाष्प नंतर तासन्‌तास सुटत राहते आणि काच आरशासारखी न उजळता दुधट, करडी दिसते. अशा वेळी आम्ही भिंती तापवून घेतो आणि मुलामा झपाट्याने उरकतो.

मात्र वायू नेहमी घातकच असतो, असेही नाही. प्लॅटिनमच्या (111) पृष्ठभागावर, म्हणजे स्फटिकाच्या एका ठरावीक दिशेच्या सपाट पृष्ठभागावर, प्लॅटिनमच वाढवताना आधी ऑक्सिजन बसवला, तर बेटावर, म्हणजे आधी जमलेल्या अणूंच्या सपाट पुंजक्यावर, पडलेला अणू कडेवरून सहज खाली उतरतो आणि थरावर थर सपाट रचला जातो. उलट कार्बन मोनॉक्साइड तीच उतरण अवघड करतो आणि पृष्ठभागावर टेकाडे उभी राहतात.