हृदयाच्या स्नायूवरचा 'स्कार': वण, व्रण की खपली?

शब्दशोधक
हार्ट अटॅकनंतरची काळजी सांगणाऱ्या मराठी मजकुरात 'स्कार'साठी व्रण, खपली आणि डाग असे तीन शब्द दिसतात. "अटॅकनंतर हृदयावर व्रण तयार होतो" वाचलं की जखम अजून ओली आहे असं वाटतं. खपली म्हटलं की ती कधीतरी गळून पडणार. नेमका शब्द कोणता? आणि हृदय 'बरं होतं' म्हणावं की 'भरून येतं'?

बोरू
वण. व्रण म्हणजे जखम, क्षत. जठरातल्या अल्सरलाही आपण जठरव्रण म्हणतो. जखम भरल्यावर मागे उरते ती खूण म्हणजे वण: देवीचे वण, टाक्यांचा वण, भाजल्याचा वण. वण हे व्रणचंच झिजलेलं रूप, पण बोलीने दोघांना वेगळी कामं दिली आहेत. छापील मराठीत हल्ली 'शस्त्रक्रियेचे व्रण' असंही येतं, गोंधळ तिथूनच होतो. खपली तर नकोच. रक्त आणि जखमेतून पाझरणारी लस उघड्यावर वाळून खपली धरते. हृदयाच्या भिंतीत काही वाळत नाही. डागात फक्त रंग बदलतो, पोत नाही.

हृत्स्पंद
वणच योग्य. पण वण केव्हापासून म्हणायचं, हे आत काय चाललंय त्यावर ठरतं.

हृदयाला रक्त पुरवणारी कॉरोनरी धमनी पूर्ण बंद झाली की साधारण 20 ते 40 मिनिटांत स्नायूपेशी कायमच्या मरू लागतात. सुरुवात भिंतीच्या आतल्या थरापासून होते आणि नुकसान तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकत जातं. अँजिओप्लास्टीची घाई असते ती यासाठी. ती उरलेला स्नायू वाचवते, मेलेला जिवंत करत नाही. "ब्लॉकेज काढलं, आता हृदय बरं झालं" हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

पुढे पहिले एक ते तीन दिवस न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान मॅक्रोफेज मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करतात. या टप्प्यात जुनं पाडून झालेलं असतं आणि नवं उभं राहिलेलं नसतं, त्यामुळे भिंत सगळ्यात मऊ असते. ती फाटण्याचा धोका पहिल्या आठवड्यात जास्त असतो तो यामुळे. नेमकं याच वेळी रुग्णाचं दुखणं थांबलेलं असतं आणि तो म्हणतो, "मला बरं वाटतंय." इथे 'वण' लिहू नका, 'ओली जखम' लिहा.

दुसऱ्या आठवड्यात फायब्रोब्लास्ट या धागे विणणाऱ्या पेशी आणि बारीक नव्या रक्तवाहिन्या जागा भरू लागतात. आधी कोवळं, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) येतं. नंतर त्याची जागा पहिल्या प्रकारचं चिवट कोलॅजन घेतं आणि त्याचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. सहा ते आठ आठवड्यांत पांढुरका, टणक पट्टा तयार होतो. तो वण.

मजकुरात एक सूचना जरूर घाला: आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या या काळात मनाने घेऊ नयेत. सूज उतरवताना त्या भरण्याचं कामही अडवू शकतात.

संस्कृतपाठी
सुश्रुतसंहितेत जखमेच्या मागे राहणाऱ्या खुणेला 'व्रणवस्तु' म्हटलं आहे. जखम भरली तरी देह असेपर्यंत ती खूण जात नाही, असंही तिथे सांगितलं आहे. म्हणजे व्रण आणि वण हा भेद जुना आहे. जखम भरताना येणाऱ्या नव्या मांसाला 'मांसांकुर' म्हणणं मात्र टाळा. आयुर्वेदात तो मूळव्याधीच्या कोंबांसाठी रूढ आहे.

शब्दशोधक
मग 'भरून येतं' म्हणावं? हाताची जखम भरते तशी?

हृत्स्पंद
जखम भरते, पण स्नायू भरून येत नाही. इतका फरक वाक्यात दिसला तरी पुरे. हृदयाच्या स्नायूपेशी नव्याने जवळजवळ तयार होत नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 च्या आधारे 2009 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हा वेग मोजला: पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्याने अटॅकमधली तूट भरत नाही.

वण आकुंचन पावत नाही आणि वीजही नीट वाहू देत नाही. त्याच्या कडेला जिवंत पेशींचे तुकडे अडकले असतील, तर विजेचा प्रवाह तिथे गोल गोल फिरून ठोके धोकादायक वेगाने पडू शकतात. वण मोठा असेल तर भिंत पातळ होऊन फुगते आणि उरलेला स्नायूही ताणला जातो. एसीई इन्हिबिटर आणि बीटा ब्लॉकर या प्रकारच्या गोळ्या हा ताण कमी करतात. "आता त्रास नाही" म्हणून त्या गोळ्या थांबवल्या की नेमकं इथेच बिघडतं.

बोरू
एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये 'अकायनेटिक' लिहिलेलं असतं. त्याला 'मेलेला भाग' म्हणावं का?

हृत्स्पंद
नाही, हा शब्द जपून वापरा. अकायनेटिक म्हणजे न हलणारा भाग, एवढंच. रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून परत आला, तर स्नायू काही दिवस किंवा आठवडे 'बधिर' राहतो आणि मग आपणहून हलू लागतो. पुरवठा महिनोन्महिने अपुरा असेल तर तो 'निद्रिस्त' होतो. रक्त पुरेसं मिळालं की पुष्कळदा जागा होतो. वण आणि निद्रिस्त स्नायू यांतला फरक एमआरआयमध्ये दिसतो. गॅडोलिनियम हे चित्र उठावदार करणारं द्रव्य टोचून दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं की वणाचा भाग पांढरा उजळतो. त्याआधी 'मेलेला' लिहिलं, तर वाचवता येण्याजोग्या स्नायूवरही आपण पाणी सोडतो.

शब्दशोधक
मसुदा असा केला आहे: "अटॅकमध्ये हृदयाचा काही स्नायू मरतो. ही जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्या जागी वण पडतो. वण भिंत सांधतो, पण स्नायूसारखा आवळत नाही."

बोरू
'वण पडतो'पेक्षा 'वण राहतो' करा. पडणं ऐकलं की खपली आठवते.