भांडुप: 14 हेक्टरच्या पाणलोटासाठी नाल्याचा कमाल विसर्ग किती धरावा?

प्रश्न – भांडुपकर
डोंगरउतारावरचा 14 हेक्टर पाणलोट: वर 5 हेक्टर झाडी, खाली 9 हेक्टर दाट वस्ती. पाण्याची सर्वांत लांब वाट 620 मीटर, तिच्यात 31 मीटर उतार. ताशी 50 मिमी पाऊस आणि अपधाव गुणांक (पावसाचा किती हिस्सा वाहून येतो तो) 1 धरून विसर्ग सेकंदाला 1.94 घनमीटर येतो. एवढ्यावर नाल्याचा आकार ठरवता येईल का?

जलरेषा
नको, कमी पडेल. 50 मिमी आणि गुणांक 1 हे ब्रिमस्टोवॅडचे (मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याचा आराखडा, 1993) निकष. त्याआधीचे 25 मिमी आणि 0.5 होते. पण 50 मिमी हा तासाभराचा आकडा. किरपिचच्या सूत्राने (0.01947 × 620^0.77 × 0.05^−0.385) तुमचा संकेंद्रण काळ (सर्वांत दूरचे पाणी नाल्याच्या टोकाशी पोचायला लागणारा वेळ) जेमतेम 9 मिनिटे निघतो. म्हणून 10 मिनिटांची तीव्रता (पावसाचा ताशी वेग) लागते, आणि ती बरीच जास्त असते.

गुणांक वेगवेगळे धरा: वस्ती 0.9, झाडी 0.5 (भिजलेली जमीन, तीव्र उतार). 9×0.9 + 5×0.5 = 10.6. उदाहरणादाखल 100 मिमी/तास धरले तर सेकंदाला 10.6×100/360 = 2.94 घनमीटर (हेक्टर × मिमी/तास ÷ 360 = घनमीटर/सेकंद).

एक तपासणी हमखास राहून जाते. नुसती वस्ती घ्या: तिथे 6 मिनिटांत पाणी पोचत असेल आणि तेवढ्या वेळाची तीव्रता 130 असेल, तर 8.1×130/360 = 2.93. जवळपास दोन-तृतीयांश भागच पूर्ण पाणलोटाइतका विसर्ग देतो! दोन्ही काढा, मोठा घ्या.

भांडुपकर
तीव्रता कुठून घ्यायची? 26 जुलै 2005 चा पाऊस चालेल?

जलरेषा
नाही. सांताक्रूझचे ते 944 मिमी 24 तासांचे. सरासरी ताशी 39 मिमीच येते. स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून काढलेले तीव्रता-कालावधी वक्र (किती मिनिटांसाठी किती जोराचा पाऊस धरायचा ते सांगणारे आलेख) घ्या. भांडुपला कुलाब्याच्या वेधशाळेपेक्षा सांताक्रूझची जवळची.

गाळ_आणि_भरती
विसर्गाइतकीच वहनक्षमताही तपासा. 1.5 मीटर रुंद काँक्रीटचा नाला, तळउतार 300 ला 1, मॅनिंगच्या प्रवाहसूत्रातला खडबडीतपणाचा गुणांक n 0.015: पाणी 0.9 मीटर खोल असताना 2.86 घनमीटर वाहते. तळाशी 0.3 मीटर गाळ साचला, पाण्याची पातळी तीच राहिली, तर 1.67 च. म्हणजे 2.94 साठी हा नाला साफ असतानाही अपुरा. शिवाय पुढचे पाणी ठाणे खाडीत जाते. भरतीच्या वेळी पातमुखाशी (नाला खाडीला मिळतो तिथे) पातळी चढली की मॅनिंगचे एकसमान प्रवाहाचे गणित लागू होत नाही. खाडीच्या पातळीपासून उलटे वर येत पाणपातळी काढावी लागते.